कासारवाडीच्या मास्तरांचा अल्बम

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथी पास झाले आणि शाळा सुटली. पुढं हातात पेन्सिल आली ती वाण्याकडचं सामान लिहून द्यायलाच. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही, तरी माफी मागितल्याशिवाय सुरुवात करवेना. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. सासरी पहिले कित्येक महिने लोकांना मी मुकी वाटत होते. जे बोलता आलं नाही ते लिहून ठेवते, एवढंच.

आम्ही मूळ फलटणकडचे. पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता तेव्हा आमचे हे तिथं विटा वाहायला आले, आणि कारखाना सुरू झाल्यावर त्यांना आत घेतलं. रेल्वे फाटकाच्या अलीकडं पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती, त्यात आमची खोली. समोर निर्वासितांची छावणी, मागं बाभळी आणि त्यापलीकडं नदी. पहिली मुलगी इथंच झाली आणि वर्षाची व्हायच्या आत तापानं गेली. सासूबाई गावाहून आल्या, म्हणाल्या, "रडायचं न्हाई. रडलं की पुढचं पोर बी तसंच जातं." मी रडले नाही. पुढचं पोर काही झालं नाही.

त्यानंतर मी गोधड्या शिवायला लागले. लोक फाटकी लुगडी, धोतरं आणून द्यायचे आणि मी त्यांना गोधडी करून द्यायचे. त्यात बोलावं लागत नाही. माणूस येतो, गठ्ठा टाकतो, पुढच्या आठवड्यात घेऊन जातो.

एकदा स्टोव्हचा पंप बिघडला. शेजारची बार्शीकडची बाई म्हणाली, कासारवाडीत रस्त्याला एक ख्रिस्ती मास्तर आहे, तो स्टोव्ह, बाजाची पेटी, फोनो, काय म्हणाल ते दुरुस्त करतो. मी स्टोव्ह घेऊन रुळाच्या कडेनं चालत गेले. दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला खुंटीवर पितळी ट्रंपेट टांगलेला, आणि मास्तर म्हणजे उतारवयाचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. वसईचे होते. तरुणपणी पुण्याला लष्करातल्या क्लबांच्या बँडमध्ये वाजवायचे. दात पडल्यावर ट्रंपेट सुटला.

टेबलावर फोनो चालू होता. क्लॅरोनेट वाजत होतं हे मला कळलं, लग्नाच्या बँडात ऐकलं होतं. पण हे तसं नव्हतं. वर चढायचं, मध्येच घसरायचं, पुन्हा धापा टाकत वर जायचं. खालून कसलातरी जाड आवाज पाय ओढत चालल्यासारखा चालला होता. मला वाटलं, कुणीतरी मोठ्यानं रडतंय, आणि बाकीचे त्याला गप्प करायच्या ऐवजी त्याच्याबरोबर चाललेत.

"बाय, स्टोव्ह झाला," मास्तर म्हणाले. मी तिथंच उभी होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि काही न विचारता रेकॉर्ड उलटून दुसरी बाजू लावली.

ती संपल्यावर मी विचारलं, "हे गोऱ्यांचं?"

"गोऱ्यांचं नाय. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं. जॅझ म्हणतात."

तो शब्द तोंडातल्या तोंडात घोळवत मी घरी आले. स्टोव्ह एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्याचंही आठवत नाही.

फोनो मला छावणीतून मिळाला. एक म्हातारे सिंधी गृहस्थ घरातलं सामान हातगाडीवर विकत होते, त्यात चावीचा फोनो होता, आतली स्प्रिंग तुटलेली. गोधड्यांचे साठवलेले पैसे दिले. मास्तरांनी स्प्रिंग बसवली. ह्यांना मी जेवताना सांगितलं. हे म्हणाले, "तुझे पैसे आहेत," आणि आमटी मागितली.

पहिली रेकॉर्ड मास्तरांनी फुकट दिली, कारण तिला कडेला चीर होती. नंतरच्या मी विकत घेतल्या, एका वेळी एक. देहूरोडहून गोरे शिपाई गेले तेव्हा त्यांच्या क्लबातल्या रेकॉर्डी लिलावात निघाल्या होत्या, त्या मास्तरांनी पोती भरून आणलेल्या. त्यात नाचाची गाणी, मडमांची गाणी, चर्चची गाणी, सगळं एकत्र. जॅझ त्यातून हुडकावं लागायचं. मला इंग्रजी अक्षर लागत नव्हतं, म्हणून मी मधल्या कागदाचा रंग लक्षात ठेवायला लागले. मग रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून रेघा बघायला शिकले. जिथं जोरात वाजतं तिथं रेघा वेगळ्या चमकतात. पोत्यातून एखादी उचलून उजेडात धरली की मला आधीच धडधडायला लागायचं. मास्तर काउंटरमागून हसायचे. "बाय, तांदूळ निवडतेस काय?"

लोखंडी सुई मी कधी वापरली नाही, हेही त्यांनीच शिकवलं. "सुई रेकॉर्ड खाते. काटा स्वतः झिजतो," ते म्हणाले. आमच्या मागं बाभळीच बाभळी. वाळलेले लांब काटे काढून आणायचे, पत्र्यावर दोन दिवस ऊन द्यायचं, ब्लेडनं टोक तिरकं छाटायचं आणि सुईच्या जागी बसवायचं. आवाज बारीक यायचा, पण गोड यायचा. एका बाजूला एक काटा.

प्रत्येक रेकॉर्डला मी जुन्या मऊ लुगड्याची पिशवी शिवली. पिशवीच्या कोपऱ्यावर दोरा घालायचे. क्लॅरोनेटला तांबडा, ट्रंपेटला पिवळा, पियानोला पांढरा. ज्या रेकॉर्डी ऐकून मला दिवसभर काम सुचायचं नाही त्यांना काळा. वाजवणाऱ्यांना मी माझीच नावं दिली होती. एक ट्रंपेटवाला सगळ्यांच्या मागून सुरू करायचा, जणू आधी कुणी हो म्हणतंय का बघायचा. त्याला मी लाजरा म्हणायचे. तीन निराळ्या रंगांच्या रेकॉर्डींत मी तो ओळखला. मास्तरांना दाखवलं तर त्यांनी कागदावरची नावं वाचली आणि माझ्याकडं पाहत राहिले. "तोच हाय," म्हणाले. त्या दिवशी मी घरी जाताना एकटीच हसत होते.

शेजारणीला हे सगळं म्हणजे करमणूक होती. सॅक्सोफोनची एक रेकॉर्ड होती, ती लावली की ती दारात यायची.

"काय वैनी, रेड्याला आज लवकर पाणी पाजलं वाटतं."

"बंद करू का?"

"नको नको. आमच्या ह्यांचं घोरणं झाकतं त्यात."

हे मात्र कधी हसले नाहीत आणि कधी रागावलेही नाहीत. एकदा खाटेवर पडून ऐकता ऐकता म्हणाले, "ह्यात शब्द नाहीत, देवाचं नाव नाही. मग तू ऐकतेस काय?" ते वाट बघत होते, खरंच विचारलं होतं त्यांनी. मी फोनोची चावी भरत राहिले. मुलीनंतर आमच्यात फार बोलणं उरलं नव्हतं. ते तिच्याबद्दल काही बोलत नसत आणि मीही नाही. मला तेव्हा उत्तर द्यायला हवं होतं असं आता वाटतं.

अल्बम मास्तरांकडं मी फार दिवसांनी पाहिला. जाड पुठ्ठ्याचं मोठं पुस्तक, पण पानांच्या जागी तपकिरी कागदाचे खिसे आणि प्रत्येक खिशात एक रेकॉर्ड. सहा होत्या. सगळ्यांत तीच माणसं वाजवत होती आणि रेकॉर्डी ओळीनं लावायच्या होत्या, कारण एक चाल एका बाजूला संपायची नाही, ती उलटून दुसऱ्या बाजूला पुढं चालू व्हायची. लढाईच्या काळात पुण्यात अमेरिकन शिपाई होते, त्यातल्या एकानं परत जाताना मास्तरांना दिला होता. जॅझ ऐकायला मास्तर त्यावरूनच शिकले. तो विकायला कधी ठेवला नव्हता.

मग वसईला त्यांची बहीण आजारी पडली. पोटाचं ऑपरेशन करायचं ठरलं. मास्तरांना मूलबाळ नव्हतं, बायको नव्हती, ती बहीणच काय ती. मुंबईचा एक पारशी शेठ अल्बमसाठी दोनशे रुपये द्यायला तयार होता, त्यात ऑपरेशन भागणार होतं. शेठ महिन्याभरानं येणार होता आणि मास्तर तोवर वसईला जाणार होते.

"दुकानात घुशी हायत," ते मला म्हणाले. "तू घेऊन जा. ऐक पण. शेठकडं गेल्यावर तुझ्या कानाला पडायचा नाय."

मी अल्बम लुगड्यात गुंडाळून, छातीशी धरून आणला. तसं पाहिलं तर माझ्या ऐपतीपलीकडची वस्तू होती ती, पण महिनाभर माझी होती. रोज एक रेकॉर्ड ऐकायची, दोन्ही बाजू. चौथ्या रेकॉर्डवर वाजवता वाजवता मागं कुणीतरी हसतं. ते हसू आलं की मी हातातलं शिवण थांबवायचे. इतक्या लांबचा माणूस, कोण ते माहीत नाही, आणि मला त्याचं हसू पाठ झालं होतं.

रेकॉर्डी जुन्या होत्या, रेघांत बारीक पांढरी बुरशी धरली होती. मी फुंकर घालून, कोरड्या फडक्यानं हळूच पुसायचे. ह्यांनी ते पाहिलं होतं.

त्याच सुमाराला ह्यांना बाटल्या भरायच्या खात्यात घेतलं. त्याचा त्यांना फार अभिमान होता. पांढरी टोपी, तोंडाला पांढरी पट्टी. घरी येऊन सांगायचे, "आमच्यात टेबलाला नुसतं बोट लागलं तरी स्पिरिटनं पुसतात. जंतूसुद्धा राहत नाही." घरातही ते पितळी तांब्या, आरसा, जे दिसेल ते घासायला लागले. इतक्या दिवसांनी त्यांच्या हातात काहीतरी उत्साहानं येत होतं, म्हणून मला बरं वाटायचं.

एका रविवारी मी गोधड्या धुवायला नदीवर गेले. परत आले तर हे खाटेवर बसले होते आणि चटईवर अल्बमच्या रेकॉर्डी ओळीनं मांडल्या होत्या. बाजूला फडक्यांचा ढीग. खोलीत दवाखान्यासारखा वास भरला होता.

"ये, बघ," ते म्हणाले. चेहरा उजळलेला होता. मुलीच्या बारशाला तसा पाहिला होता, त्यानंतर आजच. "किती मळ होता ह्यांच्यात. फडकी बघ, काळीभोर झाली."

मी ओलं बोचकं दारातच ठेवलं. पहिली रेकॉर्ड उचलली. बोटांना चिकटली. रेघा नव्हत्या. उजेडात धरली तर कुठं चमकतच नव्हती, राखेसारखी पांढुरकी झाली होती. रेकॉर्ड लाखेची असते, बांगड्यांना असते तसली लाख. तिला स्पिरिट लागलं की ती विरघळते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं. फडक्यांवर जो काळा मळ होता ती रेकॉर्डच होती.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

मी फोनोवरची सहावी काढून चौथी लावली. काटा रेघेत बसेना, मऊ चिखलात रुतल्यासारखा एका जागी रुतला आणि नुसती खरखर आली. मी उचलला. पाचवी लावली, तीही तशीच. सहावी काल मी ऐकली होती आणि ती फोनोवरच राहिली होती, म्हणून ती तेवढी वाचली.

हे उठून माझ्या मागं उभे राहिले. त्यांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी एक फडकं उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि खाली ठेवलं.

"मी काळजीनं पुसल्या," ते म्हणाले. "एकेक."

"व्हय," मी म्हणाले. आमच्या गावाकडचं बोलणं तोंडात आलं.

स्पिरिट त्यांनी कारखान्यातून जेवणाच्या डब्याच्या खालच्या कप्प्यात, छोट्या बाटलीतून आणलं होतं. गेटवर झडती होते. त्यातून दारूबंदीचे दिवस, स्पिरिट घरात सापडलं तरी दारूच समजतात. पकडले गेले असते तर नोकरी गेली असती आणि वर तुरुंग. माझ्यासाठी त्यांनी ते आणलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी माझ्यासाठी कधी गजरा आणला नव्हता.

त्यांनी बाटली दगडानं फोडून बाभळीत पुरली. फडकी चुलीत घातली, ती भडकन पेटली. आत आल्यावर म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. मास्तराला तर नाहीच. त्यानं कुणाजवळ तोंड उघडलं तर मी संपलो." आणि त्या दिवसापासून त्यांना भीतीनं धरलं. फाटकात पोलीस शिपाई दिसला तरी जेवण अर्ध्यावर टाकायचे. कामावर नाव पुकारलं की हातातली बाटली सुटेल की काय असं वाटतं म्हणाले. रेकॉर्डींबद्दल ते पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत. फोनो ठेवला होता त्या कोपऱ्याकडं पाठ करून बसायला लागले.

मास्तर वसईहून आले हे मला शेजारणीकडून कळलं. मी अल्बम त्याच लुगड्यात गुंडाळून नेला. वाटेत काय सांगायचं ते ठरवत होते. काउंटरवर ठेवला. त्यांनी पहिली रेकॉर्ड बाहेर काढली, मग दुसरी. सगळ्या काढून पाहिल्या. मग एका रेकॉर्डवर अंगठा दाबला, अंगठ्याचा ठसा उमटला.

"काय केलंस बाय हे?"

"उन्हात राहिल्या," मी म्हणाले.

"उन्हानं वाकतात. अशा होत नाय." त्यांनी रेकॉर्ड नाकाशी नेली. "मी पेट्यांना लाखेचं पॉलिश करतो. लाख स्पिरिटात घालूनच ते करतात. हे मला शिकवू नको." मग रेकॉर्ड खाली ठेवली. "तुझा नवरा औषधाच्या कारखान्यात हाय ना?"

मी काउंटरची कड धरली. "मास्तर, त्यांनी चांगल्यासाठी केलं. त्यांची नोकरी जाईल."

त्यांनी रेकॉर्डी एकेक करून खिशांत परत घातल्या, जशा काही त्या अजून वाजणार होत्या.

"मी कुणाला बोलणार नाय," ते म्हणाले. "पण पैसे लागतील. बहिणीला पुढच्या आठवड्यात ऑपरेशनला घेतायत. शेठ आता मला काय देणार? मला खरंच लागतील हो. तुम्ही द्या, जसे जमतील तसे."

पहिल्यांदाच ते मला तुम्ही म्हणाले. नंतर कधी तू म्हणाले नाहीत.

घरी सांगितलं तर ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"म्हणजे धमकी दिली."

"धमकी नाही दिली. कुणाला बोलणार नाही म्हणाले."

"पैसे द्या, मग बोलणार नाही. हेच ना? तुला काय कळतंय? तू माणसांत असतेस कुठं?"

"तसं नाही म्हणाले ते."

"तसंच असतं."

मी पुष्कळदा सांगून पाहिलं. पण मला सांगता येत नाही, हे आधीच लिहिलं आहे. मास्तर मला खरंच गरज म्हणून मागत होते आणि ह्यांना गळ्याला सुरी लावल्यासारखं वाटत होतं. दोघांच्या मध्ये मी होते आणि माझा आवाज निघत नव्हता.

दोनशे म्हणजे ह्यांच्या दोन पगारांहून जास्त. आधी फोनो गेला. मास्तरांनीच तो घेतला आणि रास्त किंमत धरली, दुरुस्तीची मजुरीसुद्धा कापली नाही. त्या खेपेला मी पाहिलं, भिंतीवरची खुंटी मोकळी होती. ट्रंपेट नव्हता. मास्तर म्हणाले, "ऑपरेशन झालं. अजून अंथरुणावरच हाय."

मग माझ्या रेकॉर्डी. पुण्याच्या जुन्या बाजारात दाखवल्या होत्या, तिथला माणूस सिनेमाच्या गाण्यांशिवाय हात लावेना. इंग्रजी म्हटल्यावर म्हणाला, वजनावर घेतो, लाखेच्या भावानं. मी परत आणल्या. मास्तर मात्र त्यांनी मला विकलेल्या भावानंच परत घ्यायला तयार झाले. महिन्याला गोधड्यांचे पैसे आणि त्याबरोबर जमतील तेवढ्या रेकॉर्डी, असं सुरू झालं.

कुठली द्यायची हे ठरवणं म्हणजे काय ते दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. घरात फोनो नसल्यामुळं ती वाजवून बघताही येत नव्हती. पिशवीचा दोरा बघायचा आणि आठवायचं. पांढऱ्या दोऱ्याच्या आधी दिल्या. मग तांबड्या. काळ्या दोऱ्याच्या मागं ठेवल्या. लाजऱ्याच्या तीन सगळ्यांत खाली.

रेकॉर्ड हातात घेतल्यावर मास्तर ती शेल्फावर ठेवण्याआधी एकदा लावून बघायचे, कुठं चीर गेलीय का म्हणून. सगळ्याच गिऱ्हाइकांच्या रेकॉर्डी ते तसं बघायचे. बसा म्हणायचे नाहीत. पूर्वी स्टूल पुढं करायचे, ते आता काउंटरच्या आतच असायचं. मी उभ्यानं ऐकायची. दोन्ही बाजू संपल्या की ते पिशवी काढून माझ्याकडं परत द्यायचे, "ही तुमची," आणि तिचे पैसे फेडीत धरायचे. मी रिकामी पिशवी घेऊन रुळाच्या कडेनं घरी यायची.

बाहेरून बघणाऱ्याला ही फेड वाटली असती, आणि होतीच. पण महिन्यातनं एकदा तेवढंच माझ्या कानाला पडत होतं. मी काही मुद्दाम हळू फेडत नव्हते. गोधड्या जास्त शिवत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तरी रेकॉर्डी मात्र एका वेळी एकच न्यायला लागले. आधी दोन-तीन न्यायची.

शेजारीण एकदा दारात येऊन म्हणाली, "वैनी, तुमचा रेडा विकला का मेला?"

"विकला."

"मग आता आमच्या ह्यांचं घोरणं ऐका." आणि मग माझ्याकडं बघून ती आपल्या खोलीत गेली. थोड्या वेळानं तिनं वाटीभर शेंगदाण्याची चटणी आणून दिली आणि निघून गेली.

ह्यांची तब्येत उतरत गेली. झोप नाही, अन्न नाही. त्यांच्या खात्यात एकाला कसल्याशा चोरीवरून काढलं, तेव्हापासून तर ते कामाला निघताना माझ्याकडं असं बघायचे, जसं काही हे शेवटचंच. "अजून किती राहिलेत?" रोज विचारायचे. मी सांगायची. "तोवर तो केव्हाही बोलू शकतो," म्हणायचे. मास्तर बोलणार नाहीत हे मला माहीत होतं, हाताच्या रेषेइतकं माहीत होतं. ह्यांना ते पटवून द्यायची एकच वाट होती, ती म्हणजे सगळे पैसे एकदम फेडणं. आणि ते मला नको होतं. हे मी कुणाला सांगणार होते?

ओव्हरटाइम त्यांनी मागून मागून घेतला. मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, भीतीनं घरी यायला उशीर करतात. शिवाय दर महिन्याच्या पगारातून काही मागं ठेवत होते, कारखान्यातल्या पतपेढीतून थोडी उचल घेतली. एका पगाराच्या दिवशी आले आणि रुमालात बांधलेल्या नोटा माझ्या पुढ्यात ठेवल्या.

"घे. राहिलेले सगळे आहेत ह्यात. आता तुझ्या रेकॉर्डी नेऊ नकोस. उरल्यात त्या राहू दे तुला."

आवाज हळू होता. पुष्कळ दिवसांनी ते माझ्याकडं सरळ बघत होते. डोळे खोल गेले होते आणि गालाची हाडं वर आली होती. त्यांना वाटत होतं त्यांनी माझ्यासाठी काहीतरी वाचवलं, आणि तसं ते खरंही होतं. खाली लाजऱ्याच्या तीन आणि काळ्या दोऱ्याच्या काही, एवढ्या उरल्या होत्या. त्या वाजवायला घरात काही नव्हतं, पुढं कधी येईल असंही नव्हतं. मी रुमाल उचलला.

"मी येतो बरोबर," ते म्हणाले. "तुझ्याशी तो काय बोलतो बघतो."

कासारवाडीपर्यंत आम्ही मागंपुढं चालत गेलो. दुकानाशी आल्यावर ते आत आले नाहीत. रस्त्याच्या पलीकडं, लिंबाखाली जाऊन उभे राहिले आणि टोपी काढून हातात धरली. मी एकटीच आत गेले.

मास्तर स्टोव्हच्या बर्नरमधली काजळी काढत होते. फोनो बंद होता. ते वर्षभरात वाकले होते. मी रुमाल काउंटरवर ठेवला आणि गाठ सोडली. त्यांनी हात पुसले.

"रेकॉर्ड नाय आणली?" त्यांनी विचारलं.

"नाही. सगळे पैसेच आहेत. राहिलेले."

त्यांनी नोटांकडं पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून बाहेर, रस्त्यापलीकडं. लिंबाखालच्या माणसाला त्यांनी ओळखलं असावं. काही क्षण मला वाटलं की ते काहीतरी म्हणतील, त्याला आत बोलवा, किंवा बसा. माझ्याही मनात होतं की विचारावं, बहीण कशी आहे. तेवढं तरी विचारता आलं असतं. त्यांनी चष्मा लावला, नोटा सावकाश मोजल्या आणि गल्ल्यात टाकल्या.

"बरोबर हायत," ते म्हणाले. "आता तुमच्याकडं माझं काही येणं नाय."

मी मान हलवली. पायरी उतरताना मागं बर्नर घासायचा आवाज पुन्हा सुरू झाला.

हे रस्ता ओलांडून पुढं आले. "घेतले?"

"घेतले."

"मोजून?"

"मोजून घेतले. सगळे फिटले."